मालकाचा बाप

सरकार जमीन कशी घेतंय ते मला नका सांगू. चहा घ्या आणि ऐका.

निजामाच्या राज्यात चिटगुप्प्याकडं सडक निघाली, ती नेमकी मी मालकाकडनं कौलानं, म्हंजी खंडानं करायलेल्या रानातनं. कौलनाम्यात मालकानं लिहून घेतलं होतं, सरकारनं जमीन घेतली तर कौल संपला आणि रानात जे असंल त्याचा मावेजा, म्हंजी भरपाई, मालकाची. मी अंगठा दिलेला. त्यामुळं मी खणलेली विहीर मालकाची झाली, मी लावलेले आंबेबी मालकाचे झाले.

राहिली बांधाकडची माझ्या बापाची समाधी. आमच्यात पुरतात.

मोजणीला आलेला अंमलदार म्हणाला, "ये किसकी है? याचा मावेजा जमीनवाल्याला न्हाई, वारसाला मिळतो."

मी तोंड उघडायच्या आत मालक म्हणाले, "आमच्या वडिलांची हाय."

मालकाच्या वडिलांना जाळताना सगळं गाव हजर होतं. तरी एक माणूस बोलला न्हाई. अंमलदारानं लिहून घेतलं.

मग हाडं हलवायचा हुकूम आला. मी फावडं घेऊन गेलो. मालक सावलीत उभे होते.

"बिराप्पा, कामून थांबलास? काढ की."

मी फावडं त्यांच्या पायापाशी ठेवलं. "बाप तुमचा हाय, मालक. तुम्हीच काढा."

त्यांनी काढलं न्हाई. मीबी हट्टाला पेटलो, काढलं न्हाई. समाधीवरनंच सडकेची खडी पडली.

आता मालकाची गाडी तिथनंच जातीय. मी चपला हातात घेऊन कडंनं जातोय.