उकळलेलं पाणी

कोर्टाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक वकीलबाई आणि मांडीवर पाण्याची बाटली घेतलेली एक मावशी बसल्या होत्या.

"मावशी, कारखाना आल्यापासून नळाचं पाणी गढूळ येतं म्हणालात. हे तर स्वच्छ दिसतंय."

"जजसाहेबांना दाखवायचं ना? फडक्यातून गाळलं, वर चांगलं उकळलं."

"अहो, पुराव्याचं पाणी कुणी उकळतं का!"

"मोठ्या माणसासमोर गढूळ पाणी कसं ठेवायचं?"

"झालं! आता कारखान्याच्या वकिलाचं आयतंच फावणार. आदिवासी बायका पाणी उकळत नाहीत, म्हणून पोरं आजारी पडतात, असं सांगत सुटलाय तो."

"उकळत नाही? अहो, रोज उकळूनच देते पोरांना! तरी धाकटीचे पाय वाकलेच ना?"

"थांबा. रोज उकळता?"

"आमच्या वस्तीत घरोघरी."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"चांगलं पाणी हा मुलांचा कायद्यानं हक्क आहे, मावशी. आजच अर्ज करते. कोर्टाचा माणूस वस्तीत येऊन दोन बाटल्या भरेल. एक नळाची, एक उकळलेली. उकळून जंतू मरतात, कारखान्याचं रसायन जात नाही, हे दोन्हींत दिसेल."

"त्या वकिलालाही आणा. चुलीपुढे बसवते, फुंकणी हातात देते. पाणी उकळेपर्यंत धाकटी त्याला चालून दाखवेल."