कपारेश्वराला उकडतं

मंडळी, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. घाबरू नका, परीक्षा नाही. देवाला उकडतं का?

झाल्या माना खाली! अहो, थंडीत देवाला शाल पांघरता, सकाळी कोमट पाण्यानं आंघोळ घालता, रात्री शेजारती करून निजवता – मग त्याला उकडत असेल की नाही, एवढं तरी सांगा. त्या खांबापाशी बसलेल्या काकांनी मान हलवली. होय म्हणालात की डुलकी लागली? लागू द्या. घरी झोपेसाठी गोळी घ्यावी लागते, इथं फुकट मिळते.

तर या प्रश्नाचं उत्तर म्हणून एक आख्यान ऐका. पुराणातलं नाही. पुराणात एसी नव्हता. असता तर ऋषिमुनी उठून हिमालयात कशाला गेले असते?

सोलापूरच्या बाजूचं एक गाव. गावाचं नाव सांगत नाही, पुढच्या साली तिथं माझं कीर्तन ठरलंय. देवाचं नाव सांगतो, देव काही मनावर घेत नाही. कपारेश्वर महादेव. काळ्या दगडाचं जुनं देऊळ. बाहेर सभामंडप, मग एक अंधारी मधली खोली, मग पायऱ्या उतरून गाभारा. गाभारा केवढा? तुमच्या फ्लॅटमधल्या न्हाणीघराएवढा. खिडकी नाही. वारा यायचा तो दारातूनच, तोही लाजत-काजत.

त्या गाभाऱ्यात पूजा करायचा नागनाथ गुरव. सगळे त्याला नागूअण्णा म्हणत. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, कमरेत वाकलेला. पहाटेपासून टळटळीत दुपारपर्यंत आत उभा. वैशाखात महादेवाच्या डोक्यावर पाण्याचं पात्र टांगतात, त्यातून थेंब थेंब पिंडीवर पडत राहतो – पाहिलंय ना? ते पात्र भरत राहायचं काम अण्णाचं. म्हणजे देवाच्या गारव्याची सोय आपल्या जुन्या माणसांनी कधीच करून ठेवलीय. वीज नको, बिल नको. आता गुरवाच्या डोक्यावर कुणी पात्र टांगत नाही, हा भाग वेगळा.

त्या वैशाखात अण्णाला भोवळ यायला लागली. एकदा तर पूजा करता करता खालीच बसला. त्याची बायको कोंडाबाई म्हणाली, "पंचांकडं जावा आन एक पंखा मागा. मागितल्यानं जीभ झडत न्हाई."

आता गंमत बघा. हा माणूस जन्मभर लोकांची मागणी देवाच्या कानावर घालत आला. कुणाला मुलगा पाहिजे, कुणाला बोअरला पाणी, कुणाला शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी आटायला पाहिजे! आणि स्वतःसाठी एक पंखा मागायचा तर याला ट्रस्टचा उंबरा ओलांडवेना. चार दिवस गेला आणि दारातूनच परत आला. शेवटी कोंडाबाईनं भाकरी थापायची थांबवली, तेव्हा गेला.

देवळाच्या पंचांची, म्हणजे ट्रस्टची, मीटिंग चालू होती. अध्यक्ष बापूसाहेब इंगवले. भला माणूस हो! पायरी दिली की पायरीवर नाव, घंटा दिली की घंटेवर नाव. भाविक घंटा वाजवतात तेव्हा देवाच्या आधी इंगवल्यांचं नाव घुमतं. अण्णा हात जोडून म्हणाला, "बापूसाहेब, आत लई उकडतंय. मला भोवळ येती. एक पंखा बसवला तर बरं हुईल."

बापूसाहेबांनी डोळे मिटले. फार वेळ मिटले. मग उघडले तर काय – डोळ्यांत पाणी! म्हणाले, "तू जाऊन-येऊन असतोस, तर तुला भोवळ येती. माझा कपारेश्वर तिथंच बसलेला असतो रे. त्याला किती उकडत असंल!"

अख्खी मीटिंग गहिवरली. पंख्यासाठी ट्रस्टकडे पैसा नव्हता, दर वर्षी नसायचा. पण देवाला उकडतं म्हटल्यावर? तासाभरात वर्गणी! ज्यांच्या घरी गड्याला चहासुद्धा फुटक्या कपात मिळतो, त्यांनी खिसे उलटे केले. ठराव झाला – गाभाऱ्यात एसी बसवायचा. कोपऱ्यात उभ्या गुरवाकडं कुणी पाहिलं नाही.

पण अण्णाला त्याचं काही वाटलं नाही बरं का. तो तरंगतच घरी आला. "पंखा मागितला, एसी देत्यात गं! देवासाठी म्हणून आणत्यात, पण मी बी आतच असतो की."

कोंडाबाईनं दोन भाकऱ्या जास्त थापल्या.

आता एसी निवडायचा कुणी? गावात निवडण्यातला एकच विद्वान – रोहिदास मास्तर, ट्रस्टचे खजिनदार. यांनी आयुष्यात एक वस्तू पटकन घेतली नाही. कंगवा घ्यायचा तर चार दुकानं. डोक्यावर केस किती, ते विचारू नका. मास्तरांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, लोकांची मतं वाचली. कुणी लिहिलंय 'झकास', कुणी लिहिलंय 'पैसे पाण्यात', आणि कुणी लिहिलंय 'खोका छान होता'. मास्तरांनी तिन्ही मतं मीटिंगपुढं ठेवली!

भिंतीवरचा एसी घ्यावा, तर काळ्या पाषाणाला भोक कोण पाडणार? बाहेरचं यंत्र ठेवायचं कुठं? एक पंच म्हणाले, शिखरावर कळसाशेजारी ठेवू. बापूसाहेबांना ते आवडलं होतं हो! तिथं नाव लांबून दिसलं असतं. पण चढणार कोण? खिडकीतला घ्यावा, तर खिडकीच नाही. कूलर स्वस्त होता. पण बापूसाहेब म्हणाले, "देवाला कूलर? पलीकडच्या गावानं देवीला चांदीची छत्री केली, आन आपण कूलर?" मग मास्तरांनी शोध लावला – पोर्टेबल एसी. चाकं असलेला. ढकलत न्यावा, कोपऱ्यात उभा करावा, तोडफोड नाही. त्यातही बजेटमधला, म्हणजे सगळ्यात छोटा आणि सगळ्यात स्वस्त. देव मोठा, भाव मोठा, बजेट छोटं!

मास्तर आणि बापूसाहेब सोलापूरच्या दुकानात गेले. दुकानदार बिचारा सरळ माणूस. त्यानं विचारलं, "खोली केवढी?" मास्तरांनी माप सांगितलं. "ऊन येतं?" "सूर्यदेवालाच प्रवेश नाही." "दार किती वेळ उघडं असतं?" "दिवसभर." "मग गारवा टिकायचा नाही. आत माणसं किती असतात?"

मास्तर म्हणाले, "एकही नाही."

ऐकलंत? एकही नाही! पहाटेपासून उभा असलेला नागूअण्णा मास्तरांच्या हिशोबात बसलाच नाही.

दुकानदार गोंधळला. "माणूसच नाही, तर एसी कुणाला?" बापूसाहेबांनी आकाशाकडं बोट केलं. दुकानदारानं गपचूप पावती पुस्तक काढलं. पण सरळ माणूस, राहवेना त्याला. म्हणाला, "साहेब, या यंत्राला मागं ही जाड पाइप असते. आतली गरमी त्यातून बाहेर टाकावी लागते. पाइप काढणार कुठं?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठं?"

"अहो, बाहेर म्हणजे बाहेर. आमच्या आत नाही ना? झालं तर."

एसी आला. हार घालून, हलगी वाजवत, ट्रॅक्टरमधून! नागूअण्णानं त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मागितलं होतं आणि मिळालं होतं.

मग सुरू झाल्या अडचणी. पाइप मांडीएवढी जाड. तीर्थाच्या गोमुखातून काढून बघितली, जाईना. शेवटी गाभाऱ्याच्या दाराची खालची फळी काढली आणि पाइपचं तोंड मधल्या अंधाऱ्या खोलीत सोडलं. दार उघडं ठेवलं तर गारवा पळतो, म्हणून दार बंद! काचेची एक झडप बसवली. दर्शन झडपेतून. पाणी आणि वीज जवळ नको, म्हणून पिंडीवरचं पात्र काढून ठेवलं. अभिषेक बंद! यंत्राची घरघर इतकी, की आरती कुणालाच ऐकू येईना. नंदी बिचारा शेकडो वर्षं महादेवाकडं बघत बसला होता, आता दाराकडं बघत बसला.

म्हणजे बघा हं. देवाला उकडू नये म्हणून देवाला कोंडला. त्याचं पाणी तोडलं, त्याचे भक्त तोडले. आणि त्याला म्हणायचं सेवा!

त्या यंत्रातून पाणी निघतं, ते बादलीत साठतं. एका बाईनं ते तीर्थ म्हणून घेतलं. दुसरीनं बाटली भरून नेली. पुढच्या सोमवारी रांग लागली! मास्तर ओरडून सांगतायत, "हे तीर्थ नाही, यंत्राचं पाणी आहे." ऐकतंय कोण? कुणाची तरी गुडघेदुखी थांबली म्हणे.

आणि नागूअण्णा? त्याला बापूसाहेब म्हणाले, "सारखं आत-बाहेर करू नको, गारवा जातो. सकाळी पूजा उरकायची आणि दाराशी बसायचं. लोकांचं बेल-फूल तिथंच घ्यायचं. बादली भरली की तेवढी ओतायची." दाराशी म्हणजे कुठं? त्या मधल्या खोलीत. खिडकी नसलेल्या. पाइपच्या तोंडासमोर.

अण्णा बसला. देवाची गरमी अंगावर घेत बसला. आधी गाभाऱ्यात निदान पात्राचा थेंब अंगावर उडायचा. आता भट्टीच्या दाराशी बसल्यासारखं झालं. घरी जाऊन बायकोला सांगायची लाज वाटत होती त्याला. ती विचारायची, "गार वाटतंय का आता?" हा म्हणायचा, "व्हय. लई गार." खोटं बोलत होता हो! लोकांनी आपल्यासाठी काहीच केलं नाही, हे बायकोला कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि तिला का कळत नव्हतं? रोज रात्री ती त्याच्या तळपायांना कांदा चोळत होती.

वैशाखातला शेवटचा सोमवार. भर दुपार. मधल्या खोलीत माणसांची दाटी, पाइप फुंकतेय, अण्णा एकेकाच्या हातातलं बेलाचं पान घेतोय. एका हातातलं पान घ्यायला म्हणून पुढं झुकला, तो झुकलाच. पान खाली पडलं, त्यावर अण्णा पडला.

एकच गोंधळ. अंग विस्तवासारखं तापलेलं, घाम आटलेला, बुबुळं फिरलेली. बापूसाहेब पुढं आले. "बाहेर न्या त्याला, बाहेर न्या!" बाहेर कुठं? सभामंडपाच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता, अंगणात तर ऊन नुसतं जाळत होतं.

कोंडाबाई त्याची भाकरी घेऊन आली होती. तिनं गर्दी बाजूला केली. भाकरीचं फडकं सोडून दिलं, अण्णाच्या काखेत हात घातले, पाठीनं गाभाऱ्याचं दार ढकललं आणि त्याला ओढत पायऱ्या उतरून आत नेला. पिंडीच्या शेजारी, थंड फरशीवर निजवला. यंत्राची हवा थेट त्याच्या छातीवर.

बापूसाहेब दारातून म्हणाले, "कोंडाबाई, गाभारा आहे हा. तिथं माणसानं निजायचं नसतं."

तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. अण्णाच्या तोंडावर पाणी मारत म्हणाली, "देवाला इचारा, जरा सरकून घेतो का."

मंडळी, त्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दाटीतून मास्तर पुढं झाले. त्यांनी काढून ठेवलेलं ते पात्र आणलं, भरलं, आणि अण्णाच्या डोक्यावर हातानं धरून उभे राहिले. थेंब थेंब. हात भरून आला तरी खाली घेईनात. आत माणूस एकही नाही, हे त्यांनीच सांगितलं होतं ना दुकानात!

बऱ्याच वेळानं अण्णानं डोळे उघडले. गार वारा लागला, देव शेजारी, बायको उशाशी. आणि हा वेडा उठायला बघतो. म्हणतो, "बादली भरली असंल."

"भरू दे," कोंडाबाई म्हणाली, आणि तेव्हा रडली.

बापूसाहेब पाहत होते. दगड नव्हता हो तो माणूस, नावाच्या पाटीखाली माणूसच होता. संध्याकाळी गुरवाच्या खोपटात आले. म्हणाले, "कोंडाबाई, चुकलं आमचं. ते यंत्र तुमच्याकडं पाठवतो. तुमची खोली लहान आहे, चांगली गार होईल."

तिनं विचारलं, "त्या पाइपची गरमी कुटं जाती?"

"बाहेर."

"बाहेर कोण असतं, बापूसाहेब?"

बापूसाहेबांनी दाराबाहेर पाहिलं. भिंतीला भिंत लागून शेजारच्या म्हातारीची बाज होती. कोंडाबाई म्हणाली, "मला त्यो नगं. आमाला पंखाच पायजे हुता."

तर मंडळी, देवाला उकडतं का? मला विचाराल तर उकडतं. पण ते गाभाऱ्यात नाही, मधल्या खोलीत. आणि त्याला उकडायला कारण आपलाच गारवा आहे. हसता काय? तुमच्या घरी बैठकीत थंडगार, आणि पोळ्या लाटणारी कुठं उभी असते? तिथं पंखा लावता येत नाही, गॅस विझतो – हे मला माहीत आहे. दहा मिनिटं तिच्या जागी तुम्ही उभे राहा, हे मात्र अजून कुणी सांगितलं नाही. सोसायटीच्या गेटवरच्या माणसाच्या पत्र्याच्या खोलीला खिडकी आहे का, हे कुणाला ठाऊक आहे? हात वर करा. बघा, एकही नाही.

राहू द्या. लांबचं कशाला? हा मंडप बघा. इथं तीन मोठे पंखे आहेत. एक माझ्याकडं, दोन पुढच्या रांगेतल्या मान्यवरांकडं. आणि त्या मागं, कनातीच्या पलीकडं, बायका मघापासून पदरानं वारा घेतायत. लेकरं कुरकुरतायत. मी हे आख्यान सांगत होतो, तुम्ही डोळे पुसत होतात, आणि तिन्ही पंख्यांची तोंडं आपल्याकडंच होती.

अध्यक्षसाहेब, उठा जरा. नाही, माझा आधी. हं, हा फिरवा. पार मागं. वायर पुरत नसेल तर जोडा, मला घाई नाही. आता ते दोन.

काय म्हणता, मला घाम येईल? येऊ द्या की. मागं वारा लागला का, माउलींनो? लागला?

मग घ्या टाळ. आता त्याचं नाव घ्यायला हरकत नाही.