मास्तरच्या दारातली छत्री

मले एवढंच सांगा ना भाऊ, ज्या मानसाले काईच नको, त्याले द्यावं तरी काय? आँ? पाटलाले विचारलं, गुरवाले विचारलं, बाजारहत्नूरच्या बाजारात एका अनोळखी बैलवाल्याले धरून विचारलं... कोनी सांगन तं शपथ! जो तो माह्या तोंडाकडं पाह्यते अन् पुढं जाते. तुमी तरी ऐका. बसून ऐका, उभ्या उभ्यानं ऐकायचं नाई हे.

आमच्या गावात भगवंतराव मास्तर. शाळेचे ड्रिल मास्तर. पोलिस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं अन् हे आले, एक ट्रंक, एक म्हातारी आई अन् एक हजेरीबुक घेऊन. शाळा भराच्या आधी, सकाळी पाचाले, शाळेच्या ओट्यावर मोठ्या मानसायले योगासनं शिकवत. फुकट! पन हजेरी घेत बरं! साठ वर्साचा म्हातारा असला तरी 'हाजर' म्हना लागे, अन् उशीर झाला का सूर्यनमस्कार जास्तीचे.

माहा मोठा भाऊ, उद्धवदादा, त्याच्याच हाताखाली होता. दादाले दमा. झोपायचं म्हनलं तं पाठीशी पोतं लावून बसल्या बसल्या. मास्तरनं दोन वर्सं त्याले श्वास घ्याले शिकवलं. अन् एका दुपारी, तुमाले सांगतो, दादा चक्क आडवा झोपला! सपाट! कौशल्यावैनीनं पाह्यलं अन् तिची बोबडीच वळली, मानूस आडवा दिसला म्हून. हालवून हालवून उठवलं त्याले. दादा म्हने, "अवो, झोपू द्या ना, आत्ताच तं जमलं!"

यंदा भादव्यात त्याले ताप आला अन् चार दिवसात दादा गेला. दम्यानं नाई हं! दम्याले त्यानं चीत केल्तं. जाता जाता मले म्हने, "नरशा, मास्तरले मी काईच देल्लं नाई रे. तू दे." काय देऊ, ते सांगतलंच नाई! आता हे विचारू कोनाले? ज्याले विचारायचं तोच गेला ना.

बरं, सवडीनं देल्लं असतं. पन तिकडं सरकारनं भाषेवार राज्य मोडाले घेतलं, भाकर मोडल्यावानी. हा तुकडा इकडं, तो तिकडं. किनवट नांदेडात गेलं, आमी राह्यलो आंध्रात, अन् मास्तरले हुकूम आला का तुमी पलीकडं चाला. आठ दिवसात! आठ दिवसात मी काय देऊ, सांगा!

अन् मास्तर घेते थोडंच? आमच्याकडं खुर्चीवाल्याकडं रिकाम्या हातानं जायची रीतच नोती. पटवारी असो का गिरदावर, नजराना न्याचाच. कोंबडी तरी. उत्तमराव पाटलानं त्याच हिशेबानं मास्तरकडं तुपाची कळशी धाडली. मास्तरनं वापस केली. म्हणाले, "पाटील, नजराण्याचे दिवस गेले. शिष्याचं तूप खाल्लं की शिष्याला 'पोट आत घे' म्हणायला जीभ वळत नाही." पाटलाचं पोट पाह्यलं असतं तुमी तं तुमाले पटलं असतं.

तरी मी गेलो. पह्यल्या दिवशी छत्री नेली. नवी, काळी, वाकड्या मुठीची. मास्तर आभाळाकडं पाहून म्हणाले, "पाऊस संपला, नरसिंगराव. घरी न्या."

दुसऱ्या दिवशी जोडे. माप कसं घेतलं म्हनता? ओट्याखालच्या धुळीत मास्तरचं पाऊल उमटलं होतं, ते जवारीच्या धांड्यानं मोजलं. मोच्याकडून घाईनं करून आनले. मास्तरनं पाय घातला तं आत अजून एक पाय मावन एवढी जागा! पाऊल पाटलाचं होतं ना! मास्तर हसले, पन घेतले नाई.

तिसऱ्या दिवशी गादी. दादानं पेरलेल्या कापसाची पह्यली वेचनी, सरकी काढून, पिंजून, मऊ लोन्यावानी! मास्तर म्हणाले, "अहो, मी चटईवर झोपतो, हे साऱ्या गावाला माहीत आहे." चौथ्या दिवशी तांब्याचा तांब्या नेला. म्हनलं, नाकातून पानी घेता ना तुमी, त्याले होईन. तोही वापस!

आता ज्याले काईच नको, त्याले द्यावं तरी काय? मी म्हनलं, नरशा, एकेक नेतो म्हून वापस येते. सारं एकदम ठेव अन् पळ! मग वापस कोनाले करते?

सातव्या दिवशी ओट्याले सुट्टी, मास्तर घरीच; उजाडता उजाडता गेलो. मास्तरच्या दारात गादी अंथरली. सुबक दिसावं म्हून उशाशी तांब्या, पायथ्याशी जोडे, बाजूले छत्री. अन् रिकामं वाटे म्हून सुपात जवारी, दाळ, गुळाचा खडा. लिंबाच्या झाडामागं जाऊन लपलो. दुरून पाह्यलं... वा! काय शोभा!

तुमी हसून राह्यले. तुमच्या ध्यानात आलं. माह्या नाई आलं ना!

तुळजाबाई, मास्तरची आई, सड्याची बादली घेऊन बाहेर आली. पाह्यलं. बादली खाली! "अगं बाई गं! भगवंता! अरे भगवंता, तू आहेस ना रे?"

म्हातारीचं काय चुकलं? तेरवीले गेलेल्याच्या नावानं काय देते मानूस? छत्री, जोडे, अंथरून, तांब्या, शिधा. वरच्या वाटेवर ऊन लागू नये, काटा मोडू नये म्हून. अन् ते सारं तिच्या लेकाच्या दारात मांडलेलं!

शेजारची भागाबाई धावत आली, आधी हंबरडा फोडला, मग विचारते, "कोन गेलं वो?" पाटील आले, टोपी काढून उभे. कोनीतरी खिडकीतून आत पाह्यलं तं मास्तर सपाट! आडवे! डोळे मिटलेले, अंगावर पांढरं धोतर! आता त्या घडीले ते शवासन करत असन हे कोनाले मालूम? पाटील म्हने, "मानूस सोन्यावानी होता हो, माह्या पोटावर लय मेहनत घेतली." अन् मास्तर उठून दारात आले तं भागाबाई जे पळाली, ते थेट विहिरीपाशी थांबली.

मास्तरनं सारं पाह्यलं. मग लिंबाकडं पाहून म्हणाले, "नरसिंगराव, या बाहेर."

मी गेलो. पन रागावले नाई. हळूच म्हणाले, "ही यादी तुम्हाला कुणी सांगितली?"

म्हनलं, "कोनीच नाई. मनात आलं तसं आनत गेलो."

"उद्धवच्या तेरवीला हे दिलं होतं?"

आता काय सांगू? नोतं देल्लं. वैनीनं सारं मांडलं होतं, भटजी हात पुढं करून बसले होते, अन् मी त्याइच्या हातातून छत्री हिसकली. ओरडलो, "माह्या भावाची छत्री कोनाले देता?" अन् पळालो, दिवसभर कापसात जाऊन बसलो. माह्यामुळं सारं तसंच राह्यलं, घरात, कोपऱ्यात.  मास्तरपुढं नुसती नाई म्हून मुंडी हालवली.

मास्तरनं छत्री उचलून माह्या हातात देल्ली. "हे माझं नाही. ज्याचं आहे त्याच्या नावानं द्या. आणि मला द्यायचंच असेल, तर उद्या पाचाला ओट्यावर या."

वैनीले घरी येऊन सारं सांगतलं. पाटलाची टोपी, भागाबाईची विहीर... अन् वैनी हसली हो! दोन महिन्यात पह्यल्यांदा. हसता हसता डोळ्याले पदर लावला. सांजेले भटजीले बलावलं. यावेळी मी हिसकलं नाई. एवढंच म्हनलं, "छत्री जपून वापरा."

अन् दुसऱ्या दिवशी गेलो. पाचाले! बरं, पाचाच्या थोडं वर. मी, जो एरवी उन्ह पाठीवर आल्याबिगर उठत नाई! बसावं कुठं? एकच जागा मोकळी, दादाची. मास्तरचा तो आखरीचा दिवस. हजेरीबुक उघडलं, नावं घेत गेले, अन् सवयीनं म्हणाले, "उद्धव."

नाव कोनी खोडलंच नोतं.

 मास्तरची मान वर होईना. पाटलानं पोट आत घेतलं, न सांगता. मी दोन्ही बाजूले पाह्यलं.  मग मीच म्हनलं, "हाजर."

मास्तरनं हजेरी मांडली. मग नाक ओढून, त्याच कडक आवाजात म्हणाले, "आठ मिनिटं उशीर. दहा सूर्यनमस्कार जास्त."

काय करता? घातले. दहाचे दहा, दादाच्या नावानं.