सासूबाईंचं काजळ

हसू नका गं. लढाईच्या त्या वर्षांत माझ्या पापणीवरची एक रांजणवाडी बसली की दुसरी यायची. शेवटी कंटाळून आमच्या कडावहून चालत कर्जतला डॉक्टरांकडे गेले.

ते म्हणाले, "बाई, पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. काजळानं त्यांची तोंडं बुजतात, तेल आत थिजतं नि गाठ येते. गरम फडक्यानं शेका, आणि काजळ बंद."

सासूबाई पोशीरला लेकीकडे गेल्या होत्या, म्हणून हे जमलं. डोळा अगदी निवळला.

परत आल्यावर त्यांनी माझी हनुवटी धरून डोळा न्याहाळला. "बरा झाला गं! आता कुणाची नजर लागाया नको," म्हणाल्या, नि दोन्ही डोळ्यांत बोटभर काजळ भरलं.

मी उठले नि फडक्यासाठी चुलीवर पाणी तापत ठेवलं.