शेजारची रिकामी सीट

अगं, नुसतं ऐक. आपली बातम्या आणणारी चिमणी बसच्या रांगेत होती, पुढे दोघी नणंद-भावजया. नणंद शर्टांच्या कारखान्यातली.

"वहिनी, ती पुढची बघा, आमच्या कारखान्यातली कॉलरवाली, कॉलर शिवते ती. सुपरवायझर अंगचटीला येतो म्हणून तक्रार केलीय तिने."

"बरं केलं."

"आता कुणी बोलत नाही तिच्याशी. डबासुद्धा मशीनपाशी एकटीच खाते."

"आणि तू?"

"मी आपली सगळ्यांबरोबर, मोठ्या टेबलावर."

"खोटं बोलते का ती?"

"नाही हो. माझं मशीन शेजारीच आहे. मी पाहिलंय."

"कुणाला सांगितलंस?"

"तुम्हाला. आत्ता."

"मी काय तुझी मालकीण आहे?"

"माझंही काम जाईल, वहिनी."

"गेलं तर जेवायला मी घालीन. तोंड मात्र तुलाच उघडावं लागेल, बाई."

बस आली. कॉलरवालीच्या शेजारची सीट रिकामी आणि नेमका मागे सुपरवायझरचा मेव्हणा. नणंद दांडी धरून उभीच राहिली. वहिनीने तिच्या हातातली डब्याची पिशवी काढून घेतली. मग नणंद हळूच पुढे गेली.

"सरक गं जरा. उद्या डबा तुझ्याकडेच आणते. आणि मी काय पाहिलं ते मोठ्या साहेबांना सांगायलाही येते."

आता खरं सांग, मेव्हणा टक लावून बघत असताना तू तिथे बसली असतीस?