फराळ म्हणजे जेवण नव्हे

नाही, पण मला एक सांगा, साबुदाण्याची खिचडी म्हणजे जेवण का हो? नाही ना? सगळ्याजणी माना हलवताय, म्हणजे मी वेडी नाही! वरईचा भात, दाण्याची आमटी, वर रताळ्याचा कीस, आणि दोनदा वाढून घेतलं तरी... जेवण का? नव्हे! मग हेच मी घरात सांगितलं, दवाखान्यात सांगितलं आणि थेट चिकलठाण्याच्या औषध कंपनीत साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून सांगितलं, तर माझं काय चुकलं? आमचे हे म्हणतात, 'दमयंती, तू आमचं हसं केलंस.' हसं कुणाचं झालं ते सांगते, आधी ती सतरंजी इकडं ओढा आणि नीट बसा, मला उभ्याउभ्या सांगता येत नाही.

तर आमची उमा. औषधांची पदवी घेतली, पहिल्या वर्गात, आणि कंपनीत वर्षभरासाठी शिकाऊ म्हणून लागली. आता ती तिथं करते काय, हे नातेवाइकांना सांगता सांगता मी बेजार! वैजापूरचे भाऊजी आले. 'पोरगी गोळ्या बनवते?' नाही. 'मग विकते?' नाही हो. 'मग करते तरी काय?' म्हटलं, गोळ्यांचे कागद करते! आता याच्यापुढं काय सांगायचं? अहो, गोळी बाजारात यायच्या आधी तिच्या कागदांचे एवढाले गठ्ठे सरकारकडं जातात. ती कशाची बनलीय, किती दिवस टिकते, डबीवर काय छापायचं, आतल्या चिठ्ठीत काय लिहायचं, आणि लिहिलेलं घेणाऱ्याला कळतं का... हे तपासायचं शास्त्रच आहे म्हणे. मला तर ऐकूनच बरं वाटलं. व्रताला नाही का, वार कोणता, खायचं काय, सोडायचं कधी, मधेच मोडलं तर पुढं काय, सगळं ठरलेलं असतं? म्हटलं, पोरगी माझ्याच वळणावर गेली.

तिला शिकवायला खरात मॅडम. लूनावरून येतात, पदर खोचलेला, खांद्याला शबनम. त्यांचं एकच म्हणणं, 'उमा, मी सांगते म्हणून मानू नकोस. जा, मोज, मग मला सांग.' आणि बाई कशी? गेल्या महिन्यात नामांतराचा मोर्चा होता, यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रजेच्या रजिस्टरात कारण लिहायचं असतं. मोठे साहेब, मुकुंदराव, हळूच म्हणाले, 'घरगुती काम लिहा ना, मॅडम, कशाला उगाच?' मॅडमनी लिहिलं, 'नामांतराच्या मोर्चाला जाणे.' खाली सही, वेळ, तारीख! उमा घरी येऊन सांगते, 'आई, खोटं लिहायचं नाही हे त्या मला वर्गात नाही शिकवत.'

यावर भाऊजींनी काय म्हणावं? 'खरात म्हणजे... बरं. आणि त्यांच्या हाताखाली आपली पोरगी?' म्हटलं, भाऊजी, हाताखाली नाही, हाताशी. आणि तुमच्या चिरंजीवांना असा हात मिळाला असता तर तीन वर्षं एकाच वर्गात बसले नसते. म्हणजे हे मी मनात म्हटलं. आता मनातलं कधीकधी जरा मोठ्यानं निघतं, त्याला मी काय करू?

आणि आमचे हे, अनंतराव! रोज सकाळी पेपर उघडायचा आणि चहाबरोबर सुरू. 'विद्यापीठाचं नाव बदलून काय होणार आहे? भिंती त्याच, मास्तर तेच. एका शब्दानं काय होतंय!' मी गप. उमा गप. चहा गार.

तर मॅडमनी उमाला काम दिलं. कंपनीची एक ब्लडप्रेशरची गोळी आहे, तिच्या डबीत आता मराठी चिठ्ठी घालायची होती. 'रोज सकाळी जेवणानंतर एक गोळी.' साधं, सरळ, मलासुद्धा कळेल असं. ही गोळी डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेल्या चाळीस बायका आमच्या सिडकोत शोधल्या, चिठ्ठी दिली, आणि महिन्याअखेरी उमानं घरोघर जाऊन विचारलं, 'चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणं घेता का?' चाळीसच्या चाळीस म्हणाल्या, 'व्हय, घेते की!' पोरगी खूश. पण मॅडमचं ते 'मोज' होतं ना! उमानं डब्या उपड्या करून गोळ्या मोजल्या. कुणाच्या नऊ जास्त, कुणाच्या बारा जास्त! एक सुद्धा गोळी चुकवली नाही म्हणणाऱ्या बाईच्या डबीत आठ शिल्लक!

झालं! मुकुंदराव साहेब म्हणाले, 'एक तर या बायका खोटं बोलतात, नाही तर या मुलीनं घरी बसून फॉर्म भरलेत.' घरी बसून! अहो, माझ्या पोरीच्या चपलेचा अंगठा तुटला होता चालून चालून! वर म्हणाले, 'ते गोळ्या मोजलेलं काढून टाका. चाळीसपैकी चाळीस हो म्हणाल्या, छान आकडा आहे, पाठवून द्या.' मॅडम म्हणाल्या, 'मोजलेलं काढता येणार नाही.' साहेब म्हणाले, 'मग आठ दिवसांत कारण आणा, नाही तर हिचं शिक्षण इथंच संपलं, प्रमाणपत्र मिळणार नाही.' आणि तिकडं भाऊजींनी वैजापूरला स्थळ पाहूनच ठेवलं होतं, मुलाचा कांद्याचा मोठा व्यापार! पोरगी घरी आली, पर्स टाकली, भिंतीकडं तोंड.

मी मारुतीला नवस बोलले. बोलू नको तर काय करू?

तर तो गुरुवार. अठ्ठावीस तारीख. मी दाण्याचं कूट करतेय, उमा पाणी प्यायला आली, आणि देवघराच्या फळीवर माझी डबी दिसली. हो, तीच गोळी मलाही आहे, पण घरचं माणूस चालत नाही म्हणून मॅडमनी मला चाळिसांत घेतलं नव्हतं. उमानं डबी हलवली. खुळखुळ. ताटात ओतली, मोजली. 'आई, एक तारखेला तीस आणल्या. आजची धरून तीन उरायला हव्यात. सतरा आहेत! तू गोळ्या घेत नाहीस?'

म्हटलं, घेते ना.

'रोज?'

रोज. जेवणानंतर. डॉक्टर म्हणाले तस्सं, तुझ्या चिठ्ठीत आहे तस्सं.

'मग चौदा जास्त कशा?'

म्हटलं, अगं मधे उपास नाहीत का! सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, झाले अकरा वार. दोन एकादश्या, एक संकष्टी. अकरा आणि तीन चौदा. उपासाला सकाळी जेवण नसतं, मग जेवणानंतरची गोळी घ्यायची कशी?

'पण आई, तू खिचडी खातेस! ताटभर!'

मी मुसळ खाली ठेवलं. म्हटलं, उमा, इतकी शिकलीस आणि एवढं कळत नाही? फराळ म्हणजे जेवण नव्हे!

तुम्हाला सांगते, पोरगी उभ्याउभ्या खाली बसली. मग हसायला लागली, मग रडायला, मग माझे कुटाचे हात धरून, 'आई, शनिवार कधीपासून धरलास?' म्हटलं, पाच महिने झाले, डॉक्टर म्हणाले ब्लडप्रेशर उतरत नाही, म्हणून ते उतरावं म्हणून धरला! तिनं कपाळावर हात मारला... आता यात हात मारण्यासारखं काय होतं?

दुसऱ्या दिवशी नामांतरावरून शहर बंद. बस नाही, रिक्षा नाही, कोपऱ्याकोपऱ्यावर पोलीस. उमा म्हणाली, 'सात दिवस उरलेत.' मी म्हटलं, चल चालत. हे ओरडले, 'अगं बंद आहे!' म्हटलं, दुकानं बंद आहेत, बायका उघड्या आहेत! पाच दिवसांत चाळीस घरं, मायलेकी, हातात भिंतीवरून काढलेलं कॅलेंडर. आणि विचारायचं काय, ते या खेपेला मी सांगितलं. गोळीचं नावच काढायचं नाही. आत जायचं, पाणी मागायचं, आणि म्हणायचं, 'तुमचे उपास कोणते?' अहो, ज्या बायका तीन शब्दांत 'व्हय, घेते की' म्हणाल्या होत्या, त्या दीडदीड तास बोलल्या! जिच्या डबीत बारा जास्त, तिचे उपास बारा. जिच्या नऊ, तिचे नऊ. आठवाली म्हणाली, 'म्या गोळी चुकवली न्हाय, जेवनच चुकवलं!' आणि जी उपासच करत नाही तिची डबी बरोब्बर. एकही खोटारडी नाही हो. चाळीसजणी खरं बोलल्या होत्या, विचारणारालाच विचारता येत नव्हतं.

खरात मॅडम वह्या घेऊन घरी आल्या. पानन् पान पाहिलं, दोन घरं पुन्हा स्वतः जाऊन तपासली. मग माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, 'ताई, आमच्याकडं हे वार नाहीत. बारा वर्षं हे काम करतेय, मला हे जन्मात सुचलं नसतं.' आता सांगा, इतकी शिकलेली बाई, मोठ्या हुद्द्यावरची, तिला 'मला माहीत नव्हतं' म्हणता येतं! आमच्या घरात तीस वर्षांत हे वाक्य मी कुणा पुरुषाच्या तोंडून ऐकलेलं नाही. मी माझ्या ताटातली खिचडी त्यांच्या ताटात वाढली, आणि भाऊजींना कळवायचं असेल तर खुशाल कळवा.

आठवा दिवस, गुरुवारच. मॅडम म्हणाल्या, 'ताई, तुम्ही या. कागदावर त्यांना पटणार नाही.' मी नवं पातळ नेसले, डबा घेतला आणि उमाबरोबर गेले. मुकुंदराव साहेबांनी सगळं ऐकलं, पेन टेबलावर टकटक केलं आणि म्हणाले, 'हे काय, मॅडम? जेवण काय, फराळ काय, एका शब्दानं काय होतंय? बायकांना सांगा उपास कमी करा!'

एका शब्दानं काय होतंय! हेच, हेच वाक्य मी वर्षभर चहाबरोबर ऐकत होते! तुम्हाला सांगते, तोवर मी हात जोडून उभी होते, ते हात सुटले. म्हटलं, साहेब, वार माझा आहे. आईकडून घेतलाय, देवासमोर घेतलाय. चिठ्ठी तुमची आहे, छापखान्यातून आलीय. मी वार बदलणार नाही. तुमची चिठ्ठी बदला!

साहेब मॅडमकडं बघायला लागले, की या बाईंना आवरा. मॅडम शांतपणे म्हणाल्या, 'साहेब, ताईंना बदलायचा परवाना आपल्याकडं नाही. चिठ्ठीचा आहे.'

एक वाजत आला होता. मला वाटलं, पोरीचं गेलं वर्ष हातचं. पण समोर भुकेलं माणूस, आणि गळ्यात दत्ताचं लॉकेट. मी विचारलं, आज गुरुवार, तुमचाही असेल ना? साहेब जरा नरमले, 'हो, आईपासून चालत आलाय.' मी डबा उघडला. लिंबू पिळलेली, वर ओलं खोबरं. नाही नाही म्हणत सगळा डबा संपवला, बरं का, खरवडसुद्धा! आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. घरून. बाईंचा आवाज आम्हाला बाहेरपर्यंत, 'अहो, जेवलात का?'

आणि साहेब, तोंडात शेवटचा घास, म्हणाले, 'नाही गं. गुरुवार ना आज? जेवलो कुठं, थोडा फराळ केला...'

आणि थांबले.

फोन तसाच कानाला. पलीकडून 'हॅलो? हॅलो?' मॅडमनी काय करावं? वही उघडली आणि लिहून घेतलं. वेळ, तारीख! मग वही साहेबांपुढं सरकवली आणि म्हणाल्या, 'एक्केचाळिसावी नोंद. सही करता?'

केली हो. काय करतात?

चिठ्ठी बदलली. 'रोज सकाळी जेवणानंतर एक गोळी. उपवास असल्यास फराळानंतर घ्यावी. काहीच खात नसाल तर डॉक्टरांना विचारावे.' उमाचं शिक्षण चालू राहिलं, कांद्याचं स्थळ गेलं. माझी गोळी रोज, सोमवारसुद्धा, गुरुवारसुद्धा. ब्लडप्रेशर उतरलं. डॉक्टर म्हणतात गोळीनं, मी म्हणते शनिवारानं, उमा म्हणते दोन्ही लिहून ठेव. आणि ह्यांनी परवा पेपर उघडून पुन्हा ते सुरू केलं, 'एका शब्दानं काय...' मी नुसतं बघितलं. म्हटलं, काही होत नाही ना? मग द्या की नाव, अडवून कशाला बसलाय? उगाच बसलाय का, त्या शब्दात काहीतरी आहे म्हणूनच ना! पेपर मिटला. चहा गरम प्यायले, कित्येक महिन्यांनी.

एवढ्यावर संपलं असतं तर मी तुम्हाला बोलावलं असतं का? काल दारात बानाबाई. देवगाव रंगारीहून लेकीकडं आलेली, मेंढरामागं जन्म गेलेला, काटक बाई. तिलाही आता हीच गोळी लागलीय, नातवाकडून नवी चिठ्ठी वाचून घेतलेली. उंबऱ्यात बसून म्हणते, 'बाय, लई नेमधर्म हाय गं या गोळीचा. म्या जल्मात उपास केला नाय, दोन टायमाला भाकर खाती. आता ह्यात तर लिवलंय उपास म्हून. तुमास्नी समदं ठावं हाय म्हंत्यात... मला एखादा वार लावून द्या की!'

बायांनो, तीस वर्षं मी घरोघर सांगत फिरतेय, एक तरी वार धरा, एक तरी धरा, कुणी ऐकलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्या पायानं, हात जोडून, माझ्याकडं उपास मागायला आलं... आणि मला म्हणावं लागलं, नको गं बाई, तू जेव!