तिसऱ्या पायाचा जोड

मी मूळचा मिरजेच्या बाजूचा, तिथल्याच एका शेडमधी वेल्डिंग शिकलो, गेटं केली, ट्रॉल्या केल्या, आन् मग थोरल्या बहिणीनं कागद करून आम्हाला हिकडं टेक्सासला आणलं. ती हिकडंच फ्रिस्को गावाला ऱ्हाती, तिच्याकडची सगळी कॉम्प्युटरवाली, मी एकटाच हातानं काम करणारा. काय करता म्हणून कुणी विचारलं की मी म्हणतो मचाण करतो, तर लोक हसत्यात.

हसू नका ताई, खरंच मचाण. हितनं पश्चिमेला गेलात तर नुसता माळ, झाडं म्हणजे डोक्याएवढी काटेरी झुडपं, बाभळीच्या जातीची, आन् हरणाच्या शिकारीला तर उंच बसाय लागतंय. झाडच न्हाई तर बसायचं कुठं? म्हणून तीन पायांचं लोखंडी मचाण, पंधरा फूट उंच, वर खुर्ची, आतनं शिडी. कशाला टेकायचं न्हाई, म्हणजे माणसाचा सगळा जीव आमच्या जोडावर.

तर काय सांगू तुम्हाला, एका गुरुवारी काम चालू हुतं आन् बहिणीचा फोन आला, आईला मिरजेला दवाखान्यात ठेवलंय म्हणून. मी हातातलं टाकून भाईर गेलो, बोललो, परत आलो, काम धरलं. ते मचाण रंगून तयार झालं, मीच नेऊन उभं करून आलो, डेल म्हणून सत्तरीचा म्हातारा हुता, त्याच्या रानात. आईबी बरी होऊन घरी आली.

मग दोन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी चहा पिताना, एकदम, हातालाच आठवलं बघा. तिसऱ्या पायाच्या मधल्या जोडाला आधी नुसतं धरून ठेवाय दोन टाके मारले हुते, मग फोन आला. पुढं पूर्ण वेल्डिंग ओढलं का? आठवंना. लई आठवलं, आठवंना. आन् त्याच दिवशी शिकारीचा सीझन उघडला हुता.

डेलला फोन लावला तर बंद, शिकारीला बसल्यावर बंदच ठेवत्यात. बायको म्हणाली, अवो केलं आसंल तुम्ही, उगंच जीवाला घोर. मी म्हटलं केलं नसंल तर? शिकाऱ्याला माणूस लांबनं कळावा म्हणून नारंगी जाकीट घातलं, गाडी काढली. अडीच तासांचा रस्ता, आन् जसं पुढं जाईल तसं वारं वाढाय लागलं. प्रत्येक झोताला मला ते मचाण हलताना दिसायचं.

फाटकापासनं हात वर करून वरडत गेलो, बंदूक हाय म्हटल्यावर भ्या वाटणारच. डेल वर बसलेला, तो भडकलाच, आरं हरीण पळवलंस की, म्हणाला. मी म्हटलं डेल, खाली या, बंदूक आधी दोरीनं सोडा, माझ्या हातची चूक झाली आसंल. त्यानं बंदूक दोरीनं खाली सोडली, मग उतराय लागला. मी तिसऱ्या पायाला खांदा लावून उभा. एकेक पायरीला लोखंड करकरायचं आन् मी खांदा आणखी दाबायचो.

तो जमिनीवर आल्यावर मी शिडीच्या अर्ध्यावर चढून कानसीनं रंग खरवडला. दोनच टाके. त्यातला एक चिरलेला.

मी खाली उतरून त्याला सांगितलं. डेलनं वर बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग विचारलं, झालं कसं? मी फोनचं सांगितलं. मला वाटलं आता शिव्या देतोय, कोर्टात नेतोय. तर तो म्हणाला, आई कशी हाय आता?

रडलो ओ मी. त्या माळावर, एवढा बाप्या माणूस.

सोमवारी हितल्या शेडच्या मालकाला सगळं सांगितलं. फोन आला त्या आठवड्याची सगळी मचाणं तपासली, बाकीची चांगली निघाली. मालक बोलला मला, पण ठेवलं कामावर. डेलला नवं करून दिलं, तो बसतोय त्यात.

पण ताई, माझी काळजी काय गेली न्हाई. वारं सुटलं की हात थांबतो, केलेला जोड परत बघतो, परत बघतो. बायको म्हणती तुमचं आता हे असंच चालायचं. चालू दे. वर चढलेला माणूस आपल्या पायानं खाली यावा, कुणाचाबी आसू दे, एवढंच मागणं हाय माझं.